एका शब्दाची बिऱ्हाडं

शब्दप्रेमी : मी बीडचा. परगावी कुणी गाव विचारलं की माझं उत्तर दोन अक्षरांत संपतं. पण या दोन अक्षरांनी मला लहानपणापासून सोडलेलं नाही. आमच्या घरी भाकरीचा तवा बिडाचा. मला वाटायचं, आपल्या गावात घडतो म्हणून तो बिडाचा. पुढं कळलं की वितळवून साच्यात ओतलेल्या लोखंडालाच बीड म्हणतात आणि कोल्हापूरच्या घरातला तवाही बिडाचाच असतो. तेव्हापासून हा उच्चार जिथं भेटेल तिथं मी वहीत टिपून ठेवतो. नांदेडच्या हुजूर साहिबात तो भेटला. पंजाबीत बीड़ म्हणजे ग्रंथाची जुळवून, घट्ट बांधून सिद्ध केलेली प्रत. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये भाई गुरदासांच्या हातून लिहवून घेतलेली ती करतारपुरी बीड़. नांदेडला १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथाला गुरुपद दिलं, त्या ग्रंथाची परंपरा दमदमी बीड़ म्हणून ओळखतात. आपल्या नामदेवांची ६१ पदं तिच्यात आहेत. राजस्थान, हरियाणा, पंजाबात राखलेल्या गवताळ रानाला बीड़ म्हणतात. पतियाळ्याजवळच्या बीड़ मोतीबाग अभयारण्याच्या नावात तेच आहे, आणि गिधाडांसाठी राखलेल्या बिकानेरजवळच्या जोडबीडातही. कानडीत 'बीडु' म्हणजे मुक्काम, तळ, राहण्याची जागा. होयसळांचं हळेबीड म्हणजे जुना तळ. तमिळमध्ये हाच शब्द 'वीडु' होऊन घर झाला, आणि तमिळ माणूस मोक्षालाही 'वीडु'च म्हणतो. अरबीत 'बिअर' म्हणजे विहीर. एवढ्या घरांत एकच उच्चार नांदतो, तर कुठंतरी आतून नातं असणारच, असं मला वाटतं.

साशंक : तुमच्या वहीतल्या नोंदी खऱ्या आहेत. त्या ज्या दोऱ्यात ओवल्यात तो दोरा मात्र तुमचा आहे. लांब कशाला, मराठीतलाच शब्द घ्या. 'नाव' म्हणजे ओळख आणि 'नाव' म्हणजे होडी. पहिला संस्कृत 'नामन्'पासून आला, दुसरा 'नौ'पासून. तोंडातोंडांत झिजत दोघं एकाच उच्चारावर येऊन थांबले. म्हणून त्यांच्यात रक्ताचं नातं झालं का? 'काम' पाहा. इच्छा या अर्थाचा काम संस्कृतातून जसाच्या तसा आला. रोजगार हमीवर आपण जे करतो ते काम 'कर्म'पासून प्राकृतातल्या 'कम्म'वरून आलं. मराठीनं या शब्दांची खाती वेगळी ठेवली आहेत. होडीचं सामान्यरूप 'नावेला', ओळखीचं 'नावाला'. तुमच्या घरातही तेच आहे. तवा 'बिडाचा', माणूस 'बीडचा'. लहानपणी तुमचा गोंधळ झाला, भाषेचा झाला नव्हता.

शब्दप्रेमी : 'बीडचा' आणि 'बिडाचा' यातून एवढंच ठरतं की एक विशेषनाम आहे. नागपूरलाही आपण 'नागपूरला'च म्हणतो. म्हणून त्यातलं 'पूर' संस्कृत 'पुर'पासून तुटत नाही. व्याकरणानं वेगळं ठेवलं म्हणजे मूळ वेगळं, हे सिद्ध होत नाही.

साशंक : मान्य. तो पुरावा मी मागे घेतो, तो कच्चा होता. दुसरा देतो. 'बदनाम', 'बदसूर' यांतला 'बद' फारसी आहे, अर्थ वाईट. इंग्रजीतही 'बॅड' म्हणजे वाईटच. उच्चार जवळचा, अर्थ तोच, दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या. तरी या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. फारसी शब्दाचं जुनं रूप 'वद' होतं, म्हणजे जितकं मागं जावं तितके ते लांब जातात. ऑस्ट्रेलियात म्बाबराम नावाची आदिवासी भाषा होती. तिच्यात कुत्र्याला जवळजवळ 'डॉग'च म्हणत. रॉबर्ट डिक्सन या अभ्यासकानं शेवटच्या काही बोलणाऱ्यांपैकी एकाकडून तो शब्द ऐकला, तेव्हा त्याला आधी तो इंग्रजीतून घेतलेला वाटला. शेजारच्या भाषांशी ताडून पाहिल्यावर कळलं की तो 'गुदगा' अशा जुन्या रूपातून नियमानं झिजत तिथं पोचलाय. रूप आणि अर्थ दोन्ही जुळूनही नातं नसतं. तुमच्या वहीत तर अर्थही जुळत नाहीत. उलटी बाजूही पाहा. आपला 'वेत' आणि फारसीतला विलोचं झाड या अर्थाचा 'बीद' यांचे चेहरे अजिबात मिळत नाहीत, पण दोघं पिळण्या-वळण्याच्या एकाच प्राचीन धातूकडे जातात. म्हणून मी चेहऱ्यावर विसंबत नाही.

शब्दप्रेमी : चेहरा सोडा, मग इतिहासावर बोलू. आमच्याकडे घरोघरी सांगतात की गावाचं जुनं नाव चंपावतीनगर. मुहम्मद तुघलक दख्खनेत आला तेव्हा इथं मुक्कामाला होता. त्याचा पडलेला दात जिथं पुरला ती कबर बीडजवळ आजही दाखवतात. त्यानं विहिरी खोदल्या, पाणी लागलं, म्हणून गावाला विहिरीच्या अरबी शब्दावरून नाव दिलं. हे नुसतं कानगोष्टीचं नाही. बैरूत हे नाव फिनिशियन भाषेतल्या 'विहिरीं'वरून आलंय, बीरशेबा विहिरीवरून. पाण्यावरून गावाला नाव पडणं ही जगभरची रीत आहे, आणि बीडइतकं पाण्यासाठी झुरलेलं दुसरं गाव कोणतं? शहराच्या दक्षिणेला खजाना विहीर आहे. मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानानं ती बांधली. तिच्यातलं पाणी भुयारी नळांनी शेतांकडे जातं. उन्हाळ्यात सगळीकडे भेगा पडलेल्या असताना त्या विहिरीच्या कठड्यावर उभं राहा आणि मग मला सांगा की या गावाचं नाव विहिरीवरून नाही.

साशंक : त्या कठड्यावर मी उभा राहिलोय, आणि पाणी पाहून माझाही जीव निवला होता. पण ती विहीर सोळाव्या शतकातली आहे आणि तुघलक चौदाव्यातला. नावाची साक्ष ती देऊ शकत नाही. आता ध्वनीचं पाहू. अरबी 'बिअर'च्या शेवटी स्वच्छ 'र' आहे. मराठीनं असा 'र' कितीतरी शब्दांत घेतला. पीर, फकीर, वजीर, अमीर, जहागीर. यांतल्या एकाचाही 'ड' झाला नाही. मराठवाड्यातल्या गावोगावी पिराचा उरूस भरतो, 'पिडाचा' कुठं भरत नाही. मग एकट्या विहिरीच्या 'र'नंच का वेगळी वाट धरावी? माझ्या मते गोष्ट उलट्या दिशेनं घडली आहे. 'घोडा', 'गाडी', 'बीड' यांतला आपला 'ड' जीभ उलटी फिरवून उच्चारला जातो. निजामाच्या राज्यात उर्दू लिहिणाऱ्यांनी तो बरोबर ऐकला आणि टिंब किंवा खूण दिलेल्या 'ड़'च्या अक्षरानं लिहिला. इंग्रजांकडे हे अक्षरच नव्हतं. त्यांनी 'आर' लिहून खाली टिंब दिलं, छापखान्यात टिंब गळालं आणि 'बीर' उरलं. इम्पीरियल गॅझेटियरात तर जिल्ह्याचं नाव 'बी-एच-आय-आर' असं छापलंय. एकदा कागदावर 'र' आला की अरबी विहीर सुचायला वेळ लागत नाही.

शब्दप्रेमी : म्हणजे विहीर खोदली ती छापखान्यानं! बरं, अरबी सोडतो. पण मग बिळाचं काय करणार? बालाघाटावरून मांजरसुंब्याकडून घाट उतरून येताना पाहिलंत तर शहर खरोखर खोलगट जागेत बसलेलं दिसतं. बिळात बसल्यासारखं, म्हणून 'बीळ', त्याचं 'बीड'. आणि ळ-ड ही देवाणघेवाण तुम्हाला नाकारता येणार नाही. 'गुड'चा गूळ झाला, 'षोडश'चे सोळा झाले, 'तडाग'चं तळं झालं.

साशंक : तुम्हीच दिलेल्या तिन्ही उदाहरणांत प्रवास 'ड'कडून 'ळ'कडे आहे. तुम्हाला तो 'ळ'कडून 'ड'कडे हवाय. त्याशिवाय, उंदराचं बीळ आजही बीळच आहे. एकाच मुलखातल्या लोकांनी उंदराच्या घरासाठी 'ळ' राखला आणि स्वतःच्या गावासाठी बदलला, असं मानायला काही कारण लागेल. मला ते सापडत नाही.

शब्दप्रेमी : मग माझा खरा दावा ऐका. तो मी मुद्दाम मागं ठेवला होता. कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य या मुलखावर होतं. मराठवाड्यात कानडी शिलालेख आहेत. पंढरीच्या विठ्ठलाला संतांनी 'कानडा' म्हटलं ते उगाच नाही. त्या काळात राजाच्या मुक्कामाला, राजधानीला कानडी लेखांत 'नेलेवीडु' म्हणत. 'बीडु' आणि 'वीडु' एकच. बालाघाटाच्या पायथ्याला, बिंदुसरेच्या काठी, घाट चढण्याआधी किंवा उतरल्यावर सैन्यानं, तांड्यांनी थांबायची ही जागा. तळ पडला, तळाचं गाव झालं, गावाचं नाव 'बीड'. इथं 'र' बदलावा लागत नाही, 'ळ' बदलावा लागत नाही. 'ड' जिथल्या तिथं आहे. शिवाय हा कानडी शब्द आपल्या जिभेवर आजही जिवंत आहे. 'बिडार' म्हणजे कानडीत तात्पुरता मुक्काम. त्याचंच मराठी 'बिढार' आणि 'बिऱ्हाड'. नेमाड्यांच्या १९७५ च्या कादंबरीचं नाव 'बिढार'च. आणि पाहा, इथं 'ड' आणि 'र' यांची अदलाबदल झालीच ना?

साशंक : अदलाबदल जागांची झाली. 'ड' मागचा पुढं गेला, 'र' पुढचा मागं आला. एकाचा दुसरा झाला नाही. तेव्हा अरबी विहिरीला त्याचा उपयोग नाही. पण तुमचा हा दावा मी हसण्यावारी नेत नाही. आतापर्यंतच्या सगळ्यांत हाच उभा राहण्यासारखा आहे. ध्वनी बसतो, इतिहास आड येत नाही. माझी एक शंका आहे. कानडीत हा शब्द गावाच्या नावात येतो तेव्हा बहुधा पुढं विशेषण घेऊन येतो. हळेबीड, म्हणजे 'जुना' तळ. नुसतं 'तळ' हे नाव कसं टिकलं?

शब्दप्रेमी : पुण्यात 'कॅम्प' कसा टिकला? छत्रपती संभाजीनगरात 'छावणी' कशी टिकली? रिक्षावाल्याला कोणत्या सैन्याची छावणी, कधीची, हे कुणी सांगत बसत नाही. जो तळ लोकांच्या रोजच्या बोलण्यात एकच असतो, त्याला विशेषण लागत नाही.

साशंक : हे उत्तर चांगलं आहे. माझी शंका मी सोडतो. मात्र ज्या कसोटीवर तुमचं कानडी बीड उतरलं, त्याच कसोटीवर राजस्थानी बीडही उतरतं. आपला मुलूख माळरानाचा आहे. पाटोद्याकडे नायगावच्या रानात मोरांचं अभयारण्य आहे, बालाघाटावर मेंढरं चरतात. उद्या कुणी म्हणाला की राखीव कुरणाला बीड़ म्हणतात आणि हे गाव कुरणाचं, तर ध्वनी तिथंही जसाच्या तसा बसतो. तिसरा येऊन म्हणेल, इथं ओतीव लोखंडाचं काम चालायचं. 'ड' त्यालाही बदलावा लागणार नाही. तिघांच्या किल्ल्या कुलपात सहज फिरतात. म्हणून किल्ली फिरते एवढ्यानं घर कुणाचं ते ठरत नाही. ते ठरतं कागदानं. तुघलकाच्या आधीच्या एखाद्या दानपत्रात, शिलालेखात, ताम्रपटात हे नाव कोणत्या रूपात आलंय ते माझ्यापुढं ठेवा. मुकुंदराजांनी अंबाजोगाईच्या परिसरात शके १११० मध्ये 'विवेकसिंधु' रचला असं परंपरा सांगते. मराठी लिहिणारे लोक या जिल्ह्यात तेव्हा होते. राजांची दानं कोरणारेही होते. त्यांच्या हातचं एक अक्षर मला तुमच्या दहा तर्कांपेक्षा जड वाटतं.

शब्दप्रेमी : कागद सापडेपर्यंत शब्द काय मुका राहतो? लोकांनी त्याला जो अर्थ दिला तो तरी त्याचाच ना? आमच्या नदीचं उदाहरण घ्या. जुन्या इंग्रजी गॅझेटियरात ती 'बेंदसुरा'. आज आपण 'बिंदुसरा' लिहितो, आणि लिहिताना डोळ्यांपुढं संस्कृत 'बिंदू' उभा राहतो. लोकांची समजूत शब्दाचं रूपच बदलून टाकते. मग समजुतीला इतिहासाबाहेर कसं ठेवता?

साशंक : बाहेर ठेवत नाही, दुसऱ्या पानावर लिहितो. एका पानावर शब्द कुठून आला, दुसऱ्यावर लोकांनी त्याला कुठं नेलं. दोन पानं चिकटली की बिघडतं. नाव बदलताना हेच होतं. अंबाजोगाईचं मोमिनाबाद झालं, पुन्हा अंबाजोगाई झालं. दोन्ही वेळा ठरवणाऱ्यांच्या मनात 'खरं नाव' असा शब्द होता. व्युत्पत्ती मालकी सांगण्याचं कागदपत्र होते, त्याची मला धास्ती वाटते. आज तुम्ही प्रेमानं म्हणता की हे नाव कानडी तळाचं. उद्या कुणीतरी त्याच आधारावर म्हणेल की गावच आमचं.

शब्दप्रेमी : ती धास्ती मलाही आहे. पण मला शब्दाची एवढी घरं हवीशी वाटतात ती त्यासाठीच. ज्याला सात भाषांत ठिकाण आहे, त्यावर एकट्यानं हक्क कसा सांगावा? आपल्या गावाचं इंग्रजी रूपच बघा. २००१ च्या जनगणनेत जिल्हा 'बी-आय-डी' असा आहे. परगावचा मनुष्य ते वाचून लिलावातली बोली समजेल. आता आपण डबल ई लिहितो, तर त्याच उच्चाराचा इंग्रजी शब्द म्हणजे मणी.

साशंक : तुम्ही हे सहज बोललात, पण इथं खरंच शिकण्यासारखं आहे. लिलावातला इंग्रजी 'बिड' दिसतो एक, पण तो दोन जुन्या क्रियापदांच्या मिसळणीतून झालाय. एकाचा अर्थ मागणं, विनवणं. दुसऱ्याचा अर्थ देऊ करणं, जाहीर करणं. रूपं जवळ आली, अर्थही एकमेकांत मिसळले, आणि आज इंग्रज माणसाला तो एकच शब्द वाटतो. त्यातल्या विनवण्याच्या बाजूनं 'प्रार्थना' या अर्थाचा शब्द निघाला. जपमाळेवर प्रार्थना मोजता मोजता प्रार्थनेचं नाव मण्याला चिकटलं. तोच तुमचा मणी. आता आपली 'बोली' पाहा. बाजार समितीत लावतात ती बोली आणि आपण बोलतो ती बोली. इथं मूळ एकच, 'बोलणं', आणि अर्थ दोन. इंग्रजीत दोन मुळं एका रूपात आली, मराठीत एक मूळ दोन अर्थांत गेलं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून म्हणतो, नुसतं रूप पाहून काही सांगता येत नाही.

शब्दप्रेमी : दोन वेगळ्या मुळांचे शब्द जवळ आले आणि बोलणाऱ्यांनी त्यांचा एक शब्द केला, हे तुम्हीच आता सांगितलंत. मग शेजार हेही नातंच झालं की! जन्मानं नसेल, नांदण्यानं झालं. आता एक सांगतो, ते तुमच्या कोणत्या पानावर बसतं ते बघा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. गाडीत भांडी, पीठ, कोंबड्या, लेकरं. सगळं बिऱ्हाड. सांगली-कोल्हापूरला जातात, तसे निपाणी-चिकोडीच्या पलीकडे कर्नाटकातल्या कारखान्यांवरही जातात. फडाशेजारी पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. तिथं कानडी शेतकरी विचारतो, गाव कोणतं? बाई सांगते, बीड. त्याच्या भाषेत 'बीडु' म्हणजे मुक्कामाची जागा, राहतं ठिकाण. कोपीच्या दारात उभी असलेली बाई त्याला आपल्या गावाचं नाव सांगते आणि त्याला ऐकू येतो तळ. त्या क्षणी हा शब्द दोघांचा आहे की नाही? सहा महिने घराला कुलूप लावून जगणाऱ्या माणसाच्या गावाचं नाव 'मुक्काम' असावं, हे मला नुसतं योगायोगाचं म्हणून सोडवत नाही.

साशंक : मलाही सोडवत नाही, आणि म्हणूनच मी जास्त जपून बोलतो. त्या शेतकऱ्याला जे ऐकू आलं ते त्याच्यापुरतं खरं आहे. दुसऱ्या पानावर ते ठळक अक्षरांत लिहा. शेजारानं नातं होतं, हेही मानतो. इंग्रजी 'बिड'चं उदाहरण माझ्याच अंगावर आलं. पण त्या बाईचं स्थलांतर शब्दाच्या मुळातून आलेलं नाही. ते कोरडवाहू शेतीतून, कर्जातून, उचलीतून आलंय. गावाच्या नावातच मुक्काम होता असं म्हटलं की तिचं जाणं जणू लिहूनच ठेवलं होतं असं वाटू लागतं. २०१३ च्या आणि २०१९ च्या दुष्काळात आपल्याकडे 'छावणी' म्हणजे चाऱ्याची छावणी होती. जनावरांबरोबर माणसं तिथं मुक्कामाला राहिली. सैन्याचा शब्द गुरांचा झाला. ते का झालं, हे शब्दकोश सांगणार नाही, पावसाची नोंदवही सांगेल.

शब्दप्रेमी : पण पावसाच्या नोंदवहीत त्या बाईचा आवाज नाही. तो शब्दातच राहतो. 'कोयता' म्हणजे एक जोडपं, हे कोणत्याही सरकारी तक्त्यापेक्षा जास्त सांगतं.

साशंक : हो. यावर मला उत्तर नाही.

शब्दप्रेमी : मग तुमच्या लेखी बीड या नावाचा अर्थ काय राहिला?

साशंक : अरबी विहीर नाही, हे मी खात्रीनं म्हणतो. बीळही नाही. कानडी तळ असू शकतो, आणि तुमच्याशी बोलण्याआधी मी इतकंही म्हटलं नसतं. कुरण आणि ओतीव लोखंड हे दोन पाहुणे दारात उभे आहेत, त्यांना हाकलायला माझ्याकडे आज काही नाही.

शब्दप्रेमी : मी मात्र वही बंद करणार नाही. पंजाबीतली ग्रंथाची बीड़ तीत राहील, गिधाडांचं जोडबीडही राहील. तुमच्या सांगण्यावरून आता एक रेघ मधोमध ओढतो. डावीकडे आलेला शब्द, उजवीकडे नांदलेला.

साशंक : डाव्या बाजूला बरीच जागा सोडा. ती भरायची सोय आपल्या जिल्ह्यातच आहे. जुन्या देवळांच्या भिंतींत, बारवांच्या पायऱ्यांवर, पारावर टेकवून ठेवलेल्या वीरगळांवर अक्षरं आहेत. जीर्णोद्धार करताना त्यांवर ऑइलपेंट फासला जातो, सिमेंट लिंपलं जातं. ज्यांच्या गावात असा दगड आहे त्यांना एवढंच सांगायचंय : तो घासू नका, रंगवू नका, चुना देऊ नका. उन्हाच्या तिरप्या उजेडात त्याचे फोटो काढून ठेवा, आणि वाचणारा येईपर्यंत दगड आहे तिथंच राहू द्या.